गाडी कोणाच्या नावावर?

आम्ही हिंगणा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. आमच्या गावाच्या एका अंगाला एमआयडीसीचे कारखाने आणि दुसऱ्या अंगाला कापूस, तूर, संत्र्याच्या बागा. नागपूर जवळ आहे खरं, पण पोचायला साधन लागतं. म्हणून आज आम्ही गाडीवर बोलणार आहोत. आपल्याकडे गाडी म्हणजे दुचाकीच.

आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांना गावात आलेली पहिली लुना आठवते. १९७२ साली निघालेली, नगरच्या कारखान्यातली, ५० सीसीची ती लहानशी गाडी. पेट्रोल संपलं की पायडल मारत घरी आणायची. मग दूधवाल्यांची एम-८० आली, दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेली. १९८५ नंतर हिरो होंडा आली आणि थोड्या पेट्रोलात लांब जाते म्हणून गावागावांत पसरली. पुढं स्प्लेंडर आली, २००१ पासून अ‍ॅक्टिव्हा आली. गाड्या बदलत गेल्या, आमची जागा मात्र तीच राहिली. मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू आणि हातात पिशवी.

कितीतरी घरांत मोटारसायकल लग्नात आली. म्हणजे काय, तर हुंड्यात मागितली. पैसे आमच्या बापानं वावर गहाण ठेवून दिले आणि गाडीच्या कागदावर नाव लागलं जावयाचं. तेव्हा ते कोणाला खटकलं नाही. आम्हालाही खटकलं नाही. ते पुढं दोन प्रसंगांनी खटकलं, तेच आज सांगतो.

पहिली गोष्ट आमच्या एका ताईची. तिचे मालक आजारपणात गेले. घरात दोन लेकरं, सासूबाई, अडीच एकर वावर आणि अंगणात ताडपत्रीखाली झाकलेली स्प्लेंडर. दीर म्हणाला, "उभी राहून सडन. इकून टाक, बारा हजार देते एक जण." ताई दोन दिवस गप्प राहिली. तिसऱ्या दिवशी गटाच्या बैठकीत म्हणाली, "मी शिकतो. इकत नाही."

आम्हीच घाबरलो. स्कूटी असती तर गोष्ट वेगळी. ही गिअरची, जड गाडी, आणि ताई नऊवारी नाही तरी पाचवारी नेसणारी. पण तिचा हिशोब पक्का होता. तिच्या वावराचा रस्ता काळ्या मातीचा. पावसाळ्यात ती माती चाकात अशी भरते की चाक फिरत नाही. स्कूटरचं चाक दहा-बारा इंचांचं, मोटारसायकलचं सतरा-अठरा इंचांचं. मोठं चाक खड्ड्यातून, चिखलातून निघतं. शिवाय पालक आणि सांबाराच्या जुड्यांचं पोतं मागं नीट बांधता येतं.

ती शाळेमागच्या मैदानात शिकली, पहाटे, लोक उठायच्या आत. शिकवलं तिच्या भाच्यानं. क्लच सोडताना गाडी उडी मारायची आणि बंद पडायची. दोनदा पडली. एकदा सायलेन्सरला पोटरी लागून भाजली, तो डाग अजून आहे. पारावरची माणसं हसली. एक म्हातारा म्हणाला, "काहून जीव देते वो माय?" ताई म्हणाली, "जीव जगवाले शिकून राहिली, बाबाजी." पंधरा दिवसांत ती गावाबाहेरच्या रस्त्यावर गेली. साडीखाली सलवार घालते, पदर कमरेला खोचते आणि दोन्हीकडे पाय टाकून बसते.

पण चालवता येणं ही अर्धी गोष्ट. परवाना काढायला गेली तेव्हा कळलं की गिअर नसलेल्या गाडीचा परवाना वेगळा आणि गिअर असलेल्या गाडीचा वेगळा. स्कूटीचा परवाना मोटारसायकलला चालत नाही. आधी शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो, आणि ३० दिवस झाल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. हे तिनं केलं.

मग कागद निघाला. गाडी अजून मालकांच्याच नावावर. गाडीचा धनी वारला तर ३० दिवसांत कार्यालयाला कळवावं लागतं आणि तीन महिन्यांच्या आत वारसाच्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, फॉर्म ३१. आम्हा कोणालाच हे माहीत नव्हतं. तिला उशीर झालाच होता. त्यात दुसरी अडचण. गाडीचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण कर्ज देणाऱ्याचा बोजा कागदावर तसाच. तो उतरवायला त्यांचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. दाखला घरात कुठं गेला कोणास ठाऊक. पुन्हा मागवावा लागला.

शेवटी बाकी वारसांची संमती लागली. वारसांत सासूबाईही येतात. आम्हाला वाटलं, इथं अडणार. म्हाताऱ्या सासूबाईंनी कागद वाचून घेतला, अंगठा लावला आणि म्हणाल्या, "माया पोराची गाडी घरातच राहिली, अजून काय पाह्यजे?" आज त्या गाडीच्या एमएच-४० च्या कागदावर ताईचं नाव आहे. ती पहाटे भाजी घेऊन बाजारात जाते. पहिले ऑटोची वाट पाहता पाहता लिलाव होऊन जायचा आणि भाजी उरलेल्या भावानं द्यावी लागायची. आता ती वेळेवर पोचते. येताना दुसऱ्या दोघींच्या जुड्यांचे पैसेही आणते.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. पण ती सांगितली नाही तर आज बोलण्यात अर्थ नाही.

आमच्याच गटातल्या एका वहिनीनं जुनी स्कूटर घेतली. गटातून कर्ज आम्हीच दिलं. विकणाऱ्यानं शंभराच्या स्टॅम्पवर लिहून दिलं, चावी दिली, आणि सगळ्यांना वाटलं की व्यवहार झाला. नावावर करायला पुन्हा खर्च, पुन्हा चकरा. "करू दिवाळीनंतर," असं दोन दिवाळ्या चाललं. विमा जुन्या मालकाच्याच नावावर होता. वहिनीकडे परवाना होता. हेल्मेट होतं, पण घरी, खुंटीला.

एका संध्याकाळी रस्त्यावर कुत्रं आडवं आलं. वहिनी घसरली आणि तोंडावर पडली. जीव वाचला. एका डोळ्याची नजर गेली.

मैत्रिणींनो, गाडीच्या विम्यात चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचा अपघात विमा घेता येतो. त्यात एक डोळा गेला तर निम्मी रक्कम, म्हणजे साडेसात लाख मिळतात. पण अट अशी की गाडी तिच्या नावावर हवी, विमा तिच्या नावावर हवा आणि परवाना चालू हवा. वहिनीजवळ तीनपैकी एकच गोष्ट होती. तिला त्यातून एक रुपयाही मिळाला नाही. आम्ही कोणाला दोष द्यावा? गाडी विकत घेतली तर घेणाऱ्यानं ३० दिवसांत नावावर करायला कळवायचं असतं. कर्ज देताना आम्ही व्याज विचारलं, हप्ता विचारला, कागद विचारला नाही.

जे मिळालं ते दुसरीकडून. एका बैठकीत आम्ही सगळ्यांचे प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे अर्ज भरले होते. बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात. मृत्यू झाला तर २ लाख, एका डोळ्याची नजर कायमची गेली तर १ लाख. तो एक लाख वहिनीच्या खात्यात आला. कोणी म्हणेल, वीस रुपयांनी काय होते? आमच्या गटात आता असं कोणी म्हणत नाही.

त्या दिवसापासून आमच्या गटाचे नियम झाले. गाडीसाठी कर्ज हवं तर गाडी बाईच्याच नावावर, आणि जुनी गाडी असेल तर नाव बदलायचा खर्चही कर्जातच धरायचा. दुसरं, परवाना दाखवल्याशिवाय पैसे नाहीत. तिसरं, हेल्मेट आयएसआयच्या खुणेचं, आणि मागं बसणारीलाही. चौथं, मागच्या चाकाला साडी गार्ड हवंच. ते कायद्यानंच लागतं, पण जुन्या गाडीचं कोणी काढून टाकलेलं असतं. पदर, ओढणी चाकात गेली की क्षणाचाही वेळ मिळत नाही. पाचवं, अठरा वर्षांच्या आतल्या पोराच्या हाती चावी द्यायची नाही. पोरानं अपघात केला तर २०१९ पासून पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी आपल्या नावावर आली की ही जोखीमही आपल्यावर येते, हे विसरू नका.

१९९०च्या सुरुवातीला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेत खेड्यातल्या हजारो बाया सायकल शिकल्या. त्यांच्याकडेही लोक हसले असतील. आमच्या ताईला हसणारा पारावरचा तो म्हातारा परवा तिलाच म्हणाला, "बाई, दवाखान्यात सोडून देते काय?" ताईनं सोडून दिलं. आधी हेल्मेट घालायला लावलं.

वहिनीची स्कूटर आता तिच्या नावावर आहे. ती स्वतः चालवत नाही, तिची वीस वर्षांची पोरगी चालवते. ती वानाडोंगरीला कॉलेजात जाते आणि येताना आईची औषधं आणते. वहिनी दारात उभी राहून रोज एकच विचारते, "टोपी घातली का?" टोपी म्हणजे हेल्मेट.

आता एक काम तुम्ही करा. आज घरी गेल्यावर गाडीचा कागद पेटीतून काढा. नाव कोणाचं आहे, कर्जाचा बोजा आहे का, विमा कधी संपतो, हे तीन पाहा. वाचता येत नसेल तर पोरीकडून वाचून घ्या. आणि पुढच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगा.