परतलेल्यांची साक्ष

(भिवंडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

अभ्यासवर्गात आपण महागाई, यंत्रमाग, वीजदर, सहकार असे विषय ठेवतो. पळवून नेलेल्या आणि जिवंत परतलेल्या माणसांच्या सत्य हकिकती वाचून मनावर काय परिणाम होतो, हा विषय आज ठेवला गेला तेव्हा काहींना तो हळवेपणाचा वाटला असेल. मला तसे वाटत नाही. भावना हीदेखील एक सार्वजनिक शक्ती आहे. ती कोणाच्या हाती पडते यावर गावाचे बरेवाईट ठरते. १९७० आणि १९८४ ही दोन साले ज्या गावाने पाहिली, त्या गावाला हे मी वेगळे सांगण्याची गरज नाही.

अशी हकिकत हाती घेतली की प्रथम मनात शिरते ती भीती. पुस्तक उपडे ठेवून आपण झोपलेल्या मुलांवर एक नजर टाकून येतो. मग करुणा येते. त्या दोहोंच्या आड, कबूल करायला संकोच वाटेल असे, कुतूहलही असते. अखेर सुटकेचे पान येते, डोळे भरतात, हायसे वाटते आणि आपण दिवा मालवतो. सानेगुरुजींना मानणाऱ्या माणसाला अश्रूंची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु अश्रू गाळून आपण मोकळे होतो की बांधले जातो, हा प्रश्न प्रत्येक वाचकाने स्वतःला विचारला पाहिजे.

आधी भीतीकडे पाहू. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आले होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाईलवरून फिरत होती, एवढेच निमित्त पुरले. त्या जमावातील माणसे जन्मजात खुनी नव्हती. आपल्या लेकरांच्या काळजीने ती पेटली होती. काळजी खरी होती. जिच्यावर ती पेटली ती गोष्ट खोटी होती. मग भीतीने नेहमीप्रमाणे सर्वांत दुबळा, सर्वांत अनोळखी चेहरा शोधला.

म्हणूनच खऱ्या हकिकती वाचल्या पाहिजेत. त्यांतला पळवणारा कोण असतो ते पाहा. न्यूयॉर्क राज्यातील सॉलोमन नॉर्थप हा स्वतंत्र कृष्णवर्णीय नागरिक सारंगी वाजवून पोट भरत असे. १८४१ साली दोन सभ्य गृहस्थांनी त्याला सर्कशीत वादकाचे काम देऊ केले आणि वॉशिंग्टनला नेले. तेथे तो शुद्धीवर आला तो साखळदंडात. पुढची बारा वर्षे लुईझियानाच्या मळ्यांवर गुलामीत गेली. त्याला पळवणारे हात भिक्षेकऱ्याचे नव्हते. रोजगार देणाऱ्याचे होते, आणि त्यांच्या पाठीशी माणसांचा कायदेशीर बाजार उभा होता.

इतके दूर जायलाही नको. २२ जानेवारी २०१३ रोजी मुंबईत अंधेरीतील सात वर्षांची एक मुलगी शाळेत जाताना नाहीशी झाली. डी. एन. नगर पोलीस ठाण्याचे साहाय्यक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांच्याकडे २००८ ते २०१५ या काळात १६६ हरवलेल्या मुलींची प्रकरणे आली. त्यांपैकी १६५ सापडल्या. राहिली ती हीच. निवृत्त झाल्यावरही भोसले तिचे छायाचित्र जवळ बाळगून शोध घेत राहिले. ४ ऑगस्ट २०२२ रोजी ती सापडली, तेव्हा तिच्या घरापासून अवघ्या अर्ध्या किलोमीटरवर राहत होती. पोलिसांच्या म्हणण्यानुसार मूलबाळ नसलेल्या एका जोडप्याने तिला नेले होते, आणि पुढे त्यांना स्वतःचे मूल झाल्यावर तिला कामाला जुंपले होते. सारे शहर अनोळखी टोळीला भीत असताना ती मुलगी शेजारच्याच वस्तीत दुसऱ्यांची मुले सांभाळत होती.

आता करुणेकडे वळू. आपली करुणा सुटकेच्या पानावर थांबते. परतलेल्याची गोष्ट बहुधा तेथून सुरू होते. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांच्या शोधाचे काम कमळाबेन पटेल यांनी मृदुला साराभाईंच्या सहकारी म्हणून लाहोरला राहून केले. गांधीजींच्या आश्रमात घडलेल्या या बाईंना त्याविषयी लिहायला पुढे अनेक वर्षे जावी लागली. मग त्यांनी गुजरातीत आपल्या आठवणी लिहिल्या. त्या वाचताना जाणवते की या स्त्रियांवर एक अत्याचार पळवणाऱ्याने केला आणि दुसरा घराने. आपली लेक भ्रष्ट झाली म्हणून दार न उघडणारे बाप होते. गांधीजींना आणि नेहरूंना या स्त्रियांचा स्वीकार करा असे जाहीर आवाहन करावे लागले, यातच आपल्या समाजाची सारी शोभा दिसते.

आणि राज्यसंस्थेने काय केले? १९४९ च्या कायद्याने अशा स्त्रीला शोधून परत पाठवण्याची सोय केली, पण तिला जायचे आहे की नाही हे विचारण्याची सोय केली नाही. कोणी तिथे संसार मांडला होता, कोणाच्या कडेवर मूल होते. सरकारच्या हिशेबात ती परत मिळवायची वस्तू होती. पळवताना तिचे मत कोणी विचारले नाही; सोडवतानाही विचारले नाही. आपल्या करुणेतही अशी मालकी लपलेली असते, हे या हकिकती आपल्याला दाखवून देतात. ते वाचताना मान खाली जाते. या वाचनाचा सर्वांत मोलाचा परिणाम हा, असे मी म्हणेन.

मग भीती नको, कोरडी करुणा नको, तर वाचून उरावे काय? याचे उत्तर मला सुटकेच्या प्रसंगांतच सापडले. नॉर्थपची सुटका कोणी केली? मळ्यावर कामाला आलेल्या बास नावाच्या एका सुताराने. नॉर्थपची कहाणी त्याने ऐकली, खरी मानली आणि जोखीम पत्करून उत्तरेकडे पत्रे धाडली. अंधेरीच्या मुलीची सुटका कशी झाली? त्याच घरी घरकाम करणाऱ्या एका बाईने तिचे म्हणणे खरे मानले, आणि तिच्या हरवल्याचे जुने पत्रक शोधून काढून त्यावरील दूरध्वनी क्रमांक लावून पाहिले. एक सुतार आणि एक मोलकरीण. दोघांच्याही हाती सत्ता नव्हती. दोघांनी ऐकले, विश्वास ठेवला आणि हातून होण्याजोगे एक काम केले.

विश्वास ही किती दुर्मीळ गोष्ट आहे पाहा. १८५३ साली नॉर्थप सुटला आणि त्याला विकणारा व्यापारी न्यायालयात उभा राहिला, तेव्हा नॉर्थपची साक्ष घेतली गेली नाही. कारण गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्याची साक्ष तेथे चालत नव्हती. व्यापारी सुटला. त्याच वर्षी नॉर्थपचे पुस्तक निघाले. न्यायालयाने नाकारलेली साक्ष त्याने वाचकांपुढे ठेवली. अशी पुस्तके वाचणारा प्रत्येक जण त्यामुळे न्यायाच्या आसनावर बसलेला असतो. केवळ रडून त्याला उठता येत नाही.

मित्रहो, आपले भिवंडी हे परगावाहून आलेल्यांचे गाव आहे. मागावर, गोदामांत, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या झोपड्यांत मूल नाहीसे झाले, तर त्या आईला ठाण्याची पायरी चढण्याचेच भय वाटते. ‘येईल परत, दोन दिवस थांबा’ असे उत्तर आता कायद्याला मान्य नाही. १० मे २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि ते पळवले गेले असावे असेच प्रथम गृहीत धरले पाहिजे. हे त्या आईला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा तिच्याबरोबर जाणे हे आपले काम. मोबाईलवर टोळीची अफवा आली तर ती पुढे न धाडता वस्तीत उभे राहून खोडून काढणे, हेही आपलेच काम. आणि एखादी मुलगी परत आली, तर ‘तिथे काय काय झाले’ असे न विचारता ‘आता तुला काय हवे’ एवढेच विचारणे, हे सर्वांत अवघड काम.

त्या सुताराने आणि त्या बाईने अशी पुस्तके वाचली होती की नाही, याला महत्त्व नाही. आपण वाचली आहेत. आता आपल्याला ते माहीत नव्हते, अशी सबब सांगता येणार नाही.