मला भूक लागली



चवथीला पेडणे-डिचोलीतल्या आमच्या घरांत माटोळी बांधताना बोलणे कोकणीतले, आरती मराठीतली. तरी भाषेचा विषय घेतो म्हणणाऱ्या मुलाला आम्ही म्हणतो, ‘त्याने पोट भरेल का?’ सरकारी नोकरीतले आम्हीही तेच म्हणत आलो.

म्हणून आज डॉ. अशोक केळकर यांची आठवण. जन्म पुण्याचा, १९२९ चा. १९५८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी डॉक्टरेट मिळवली, तीही मराठीच्या ध्वनी आणि शब्दरचनेवर. परत येऊन त्यांनी डेक्कन कॉलेजात शिकवले, मराठीतूनही लिहिले. २००२ साली पद्मश्री आणि २०१० साली ‘रुजुवात’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भाषाशास्त्रज्ञ पाहतात तरी काय? आपण ‘मला भूक लागली’, ‘म्हाका भूक लागल्या’ म्हणतो. इथे ‘मी’ कुठे आहे? दूरच्या आइसलँडमध्येही थंडी ‘मला’च वाजते, ‘मी’ला नाही. अशा वाक्यांवर तिथल्या विद्वानांनी वर्षानुवर्षे काम केले. आमच्या आजीच्या तोंडी ती रोज असतात.

घरातल्या मुलाला भाषा शिकायची असेल, तर यंदा आम्ही अडवणार नाही. बाप्पासमोर एवढाच शब्द.

गणपती बाप्पा मोरया!