तीन क्यूब आणि एक रद्द नमुना



एम-२५ काँक्रीटचे तीन क्यूब २८ दिवसांनी दाबयंत्रात फुटतात. ताकद निघते २६, २७ आणि ३४ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. नमुना पास की नापास? नवखा मुलगा लगेच ‘पास’ लिहितो. तिन्ही आकडे पंचविसाच्या वर आहेत ना! पण आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे कोणताही क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त दूर जाता कामा नये. इथे सरासरी २९, मुभा ४.३५ ची, आणि ३४ तर पाचाने पुढे. नमुनाच रद्द.

बांधकाम साहित्य व गुणवत्ता तपासणीच्या परीक्षेचा जीव अशा प्रश्नात आहे. एकच क्यूब एवढा भारी निघाला, तर नमुना घेताना, साचा ठासताना किंवा क्युरिंग करताना काही वेगळे घडले असावे, ही शंका तपासनिसाला यायलाच हवी. यंत्र समोरचा ठोकळा मोजते. तो ठोकळा स्लॅबमधल्या काँक्रीटचाच आहे ना, याची जबाबदारी नमुना घेणाऱ्याची.

अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची फील्ड टेस्टिंग टेक्निशियन परीक्षा भारतातही होते. पुस्तक न उघडता तासाभरात ५५ प्रश्न, आणि मग परीक्षकासमोर प्रत्यक्ष चाचण्या. ताज्या काँक्रीटच्या स्लम्प चाचणीचा शंकू तीन थरांत भरायचा, दर थराला २५ ठोसे, पाचेक सेकंदांत तो सरळ वर उचलायचा आणि सगळी कृती अडीच मिनिटांत संपवायची. हे पाठांतराने जमत नाही. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सळई हातात धरून, मित्राला घड्याळ लावायला सांगून हात बसवावा लागतो.

आपल्या गडहिंग्लजच्या मुलांना तर अभ्यासाचे साहित्य दारातच आहे. सामानगडाचा जांभा बघा. खाणीतून निघताना मऊ, हवेत घट्ट होणारा. त्याच जांभ्याच्या चिऱ्यांसाठी आयएस ३६२० हे मानक आहे. दाबशक्ती किमान ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर हवी. वाळूतला गाळ काचेच्या उभ्या नळीत मिठाच्या पाण्याने तपासता येतो, त्यालाही मोठे यंत्र लागत नाही. गावात कोणी घर बांधायला निघाले की तिथली वाळू मागून आणा आणि नोंदवही ठेवा.

साहित्यातली तडजोड किती लांब जाते, हे पुण्याने पाहिले आहे. पोलादाच्या टंचाईमुळे पानशेत धरणाच्या विसर्ग मोरीची कमान सळईविना, काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधली होती. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटले, त्या कारणमीमांसेत या मोरीचा उल्लेख आजही होतो. त्या वेळी कोणी मुद्दाम फसवले असे नाही. टंचाई होती, घाई होती. नोंदवहीत ‘सळई नाही’ एवढे लिहून न थांबता काम अडवणारा माणूस जागेवर हवा असतो. आपली मुले तो माणूस व्हावीत, एवढ्यासाठी अशी परीक्षा हवी.

आणि अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या त्या परीक्षेचे प्रमाणपत्र पाच वर्षांचेच असते. मुदत संपली की पुन्हा पेपर, पुन्हा तोच शंकू, पुन्हा परीक्षकासमोर २५ ठोसे.