तालीकोटचा रणसंग्राम आणि चौलची जकात
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



रेवदंड्याचा पडका तट आणि सातखणी मनोरा पाहिला की पोर्तुगीजांच्या आरमाराची आठवण निघते. परंतु त्यांची सत्ता केवळ तोफांवर उभी होती काय? माझ्या मते ती तितकीच येथल्या राजांच्या आपसांतील वैरावर उभी होती.

दख्खनच्या हवेत लढाऊ घोड्यांची चांगली पैदास होत नसे. अरबी व इराणी घोडे समुद्रमार्गे येत. गोवा १५१० मध्ये आणि होर्मुझ १५१५ मध्ये हाती आल्यावर या व्यापाराची दोन्ही टोके पोर्तुगीजांच्या मुठीत आली. विजयनगर हे त्यांचे मोठे गिऱ्हाईक. १५४७ च्या तहात गोव्यात उतरलेले घोडे विजयनगरलाच विकावयाचे, विजापूरला नाही, असे ठरले. एकाला शस्त्र विकावयाचे, दुसऱ्याला नाकारावयाचे, आणि दोघांच्या भांडणावर जकात भरून घ्यावयाची, अशी ही नीती होती.

२३ जानेवारी १५६५ रोजी तालीकोटच्या लढाईत विजयनगरचा पाडाव झाला. घोडे, मखमल आणि साटीन यांचा गिऱ्हाईकच बुडाला. गोव्याच्या जकातीला जबर धक्का बसल्याचे पोर्तुगीज बखरकार दियोगो दो कौतो यानेच लिहून ठेवले आहे. दुसरा परिणाम राजकीय होता. समान शत्रू नाहीसा होताच १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि मूर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला. समुद्र मोकळा असल्याने कुमक येत राहिली, दोन्ही ठाणी टिकली आणि १५७१ मध्ये तह झाले.

चौलच्या पाठीशी वरच्या चौलचे सुती व रेशमी कापड विणणारे विणकर होते. पुढे १६२२ मध्ये होर्मुझ गेले, १६३६ मध्ये निजामशाही संपली, व्यापार सुरतेकडे आणि मग मुंबईकडे सरकला. १७४० मध्ये रेवदंडा मराठ्यांकडे आले, तेव्हा त्याचे वैभव ओसरलेले होते.

यातून काय घ्यावयाचे? साम्राज्य कोसळल्याने वसाहतवादी व्यापार डळमळतो, पण आपोआप मरत नाही. तो नवे बंदर आणि नवा धनी शोधतो. या उलथापालथीत विणकराच्या मागाची किंवा पोर्तुगीजांचा परवाना घेतल्याविना तारू हाकारू न शकणाऱ्या नाखव्याची मुक्तता झाली नाही.

याच किनाऱ्यावर १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. त्यापूर्वी, जानेवारी १९८४ मध्ये, नवी मुंबईसाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्धच्या लढ्यात उरण तालुक्यातील पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. म्हणून बंदरावर ध्वज कोणाचा, एवढे विचारून आपल्याला थांबता येणार नाही. जकात कोणाच्या पदरात पडते आणि ज्याची जमीन व खाडी गेली त्याचा वाटा किती, हेही विचारले पाहिजे. ते विचारणारी संघटित माणसे गावोगाव उभी करणे, हेच आपले काम आहे.