टपालखर्च निराळा

(माणगाव येथील प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज आपण टपालखर्चाचा हिशेब पाहू. आपल्या भागातले बायकांचे बचत गट पापड लाटतात, मसाले कुटतात, कोकम वाळवतात. पूर्वी हा माल बाजारात जाई, नाहीतर मुंबईच्या नातेवाइकांच्या पिशवीतून जाई. आता मोबाइलवरही बाजार भरतो. नागपूरची एखादी बाई आपल्या पापडाचे चित्र पाहते, पैसे भरते आणि पापडाची वाट पाहते. पापड तिच्या घरी पोचवायचे आपण. पण त्याचा खर्च कोणी सोसायचा? इथेच पुष्कळांचे गणित चुकते. माल खपतो, पण वर्षाच्या शेवटी डब्यात पैसे उरत नाहीत.

हा प्रश्न नवा नाही. जुन्या मराठी पुस्तकांच्या शेवटच्या पानावर जाहिराती असत. पुस्तकाची किंमत छापत आणि पुढे दोन शब्द असत, 'टपालखर्च निराळा'. जागा कमी असली तर नुसते 'ट. ख. निराळा'. गिऱ्हाईक पुस्तक व्ही. पी. ने मागवी. म्हणजे पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे आणि पुडके घ्यायचे. ही सोय आपल्या देशात १८७७ साली सुरू झाली. मालाची किंमत किती आणि तो आणण्याचा खर्च निराळा, हे गिऱ्हाइकाला आधीच कळत असे. आम्हाला ही रीत फार आवडते.

आता हिशेबाला बसू. पाट्या घ्या. पुढचे आकडे समजण्यापुरते आहेत. खरे दर पोस्टाच्या खिडकीवर विचारावेत, कारण ते बदलतात.

समजा, पापडाचे पाकीट अर्ध्या किलोचे आहे. खोका, कागद आणि चिकटपट्टी मिळून वजन झाले १०० ग्रॅम. एकूण ६०० ग्रॅम. टपालाचे वजन बहुधा टप्प्याने मोजतात. समजा, ५०० ग्रॅमपर्यंत ५० रुपये, एक किलोपर्यंत ७०, दीड किलोपर्यंत ९० आणि दोन किलोपर्यंत ११०. मग आपल्या ६०० ग्रॅमला किती पडतील? ७० रुपये. वरच्या १०० ग्रॅमसाठी पुढचा सबंध टप्पा भरावा लागला! तेच पाकीट ४०० ग्रॅमचे केले, तर खोक्यासकट ५०० ग्रॅम भरते आणि ५० रुपयांत जाते. पाकिटावर वजन मात्र ४०० ग्रॅमच लिहायचे आणि भाव त्या मानाने ठेवायचा. म्हणून आधी टपालाचा टप्पा पाहावा आणि मग पाकिटाचे वजन ठरवावे.

आता ४०० ग्रॅमचे पाकीट १५० रुपयांना विकले. उडीद, तेल, मजुरी धरून ते आपल्याला ११० ला पडले. सुटले ४० रुपये. शेजारचा दुकानदार 'टपाल मोफत' लिहितो म्हणून आपणही लिहिले. ५० रुपये टपाल गेले, १० रुपयांचा खोका गेला. म्हणजे पाकिटामागे २० रुपये पदरचे गेले. मोफत टपाल असे काही नसते. ते विकणारा भरतो, नाहीतर मालाच्या भावात लपवतो. भावात लपवले, तर दारात येऊन पाकीट नेणाऱ्या शेजारणीलाही नागपूरचे टपाल भरावे लागते. हा काय न्याय झाला?

पण मागणी मोठी असेल तर गोष्ट निराळी. कोणी चार पाकिटे घेतली, तर सुटले १६०. पाकिटे १६०० ग्रॅम आणि मोठा खोका २०० ग्रॅम, म्हणजे टपाल ११०. खोक्याचे २०. तरी ३० रुपये हातात राहतात. तेव्हा 'चार पाकिटांना टपाल माफ' असे खुशाल लिहावे. हिशेब करून दिलेली सूट आपल्याला बुडवत नाही.

याच्या उलट चूकही होते. बाई दोन पाकिटे मागवते. एका पाकिटाला टपाल ५०, म्हणून दोनाला १०० लावतात. प्रत्यक्षात दोन्ही एका खोक्यात ९५० ग्रॅम भरतात आणि ७० रुपयांत जातात. वरचे ३० रुपये कोणाचे? ते गिऱ्हाइकाचे आहेत. खोक्यावर छापलेला टपालाचा आकडा ती वाचते, आणि पुन्हा आपल्याकडे येत नाही.

खोका, चिकटपट्टी आणि माणगावच्या पोस्टापर्यंतचे एसटीचे भाडे हाही खर्चच आहे. भाडे दहा पार्सलांवर वाटून लावावे. त्याला 'बांधणावळ' म्हणावे आणि वेगळे दाखवावे. टपालाच्या नावाखाली घेऊ नये.

हलका माल असला तर आणखी एक मेख आहे. पोह्याचा पापड, कुरडई, फेणी वजनाला हलकी, पण जागा खूप घेते. पुष्कळ कुरिअरवाले खोक्याचीही मापे घेतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणतात आणि बहुधा ५००० ने भागतात. ३० गुणिले २० गुणिले २० म्हणजे १२,०००. भागिले ५०००, म्हणजे २.४ किलो. आत माल किलोभरच असला तरी पैसे २.४ किलोचे! तोच माल २५, २० आणि १० च्या खोक्यात बसला, तर बरोबर १ किलो धरतात.

मोबाइलवरच्या बाजाराची दलालीही विसरू नका. काही बाजार टपालासकट सगळ्या रकमेवर दलाली कापतात. १५० चे पाकीट आणि ५० टपाल म्हणजे २००. दलाली शेकडा दहा धरली, तर १५ नव्हे, २० रुपये कापले जातात. माल लावण्याआधी हा नियम वाचून घ्यावा. आता तुम्हाला वाचता येते.

टपाल सगळ्यांना एकच लावावे, की अंतर पाहून? सरकारपुढेही हा प्रश्न आला होता. पूर्वी पत्राचा दर अंतरावर ठरे. १८५४ साली ठरले की पाव तोळ्याच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा. हिशेब सोपा झाला आणि गरिबालाही लांब पत्र धाडता येऊ लागले. पण पत्र हलके असते, पार्सल जड. म्हणून आमच्या मते तीन दर पुरेत : एक आपला जिल्हा आणि मुंबई-पुण्याचा, दुसरा बाकीच्या महाराष्ट्राचा, तिसरा परराज्याचा. पत्ता कुठला ते पिनकोडवरून कळते. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि ती बसवली एका मराठी माणसाने, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. माणगावचा पिन ४०२१०४. पहिला ४ पाहून महाराष्ट्र धरू नका. गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे पिनही ४ नेच सुरू होतात. पहिले तीन आकडे पाहावेत.

दर कोणताही ठेवा, तो आधी सांगा. कायदाही तेच सांगतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विकणाऱ्याने एकूण किंमत एका आकड्यात दाखवायची आणि टपाल, बांधणावळ, कर यांची फोडही द्यायची. आधी थोडी किंमत दाखवून पैसे भरायच्या वेळी खर्च वाढवत नेणे, यालाही सरकारने २०२३ साली मनाई केली. १० रुपयांचा पापड आणि १९० रुपये टपाल, असली चलाखी आपल्या गटाने करू नये.

राहिली परत आलेल्या मालाची गोष्ट. पापड मोडके निघाले किंवा चित्रात होते तसे नसले, तर माल परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. अशा वेळी टपालाचे पैसेही परत करावेत, असे आम्हाला वाटते. पण 'माल पोचल्यावर पैसे' असे ठरले आणि गिऱ्हाईक घरीच सापडले नाही, तर काय? जाण्याचा खर्च पडतो आणि कुठे कुठे येण्याचाही. आठ दिवस फिरून आलेला पापड तोवर चुरा होतो. लहान गटाने पैसे आधी घ्यावेत, मगच खोका बांधावा.

उद्या येताना प्रत्येक गटाने आपले एक पाकीट आणि रिकामा खोका आणावा. आम्ही काटा आणि मोजपट्टी आणतो. वजन करून प्रत्येकाचा दर इथेच लिहून काढू.