फोटोतली आजी
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



स्मरणिकेसाठी ज्येष्ठांचे फोटो गोळा करायला आम्ही घरोघरी फिरलो. एका आजींनी पेटीतून लग्नानंतरचा फोटो काढून दिला. म्हटलं, आजी, आताचा द्या की. तर म्हणाल्या, "आता काय ठेवलंय या तोंडात? मोबाईलमध्ये बघते तर माझी सासूच दिसते मला!" आम्ही हसलो. पण हेच उत्तर पुढे सात-आठ घरांत मिळालं, तेव्हा हसू आलं नाही.

यात थोडा दोष मोबाईलचाही आहे. आरशात आपण जन्मभर आपला उलटा चेहरा पाहतो, त्याचीच सवय होते. फोटो मात्र आपण लोकांना दिसतो तसा असतो. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या अमेरिकन संशोधकांनी काही तरुणींना दोन्ही तऱ्हेचे फोटो दाखवले. त्यांच्यातल्या बहुतेकींना आरशातल्यासारखा आवडला आणि मैत्रिणींना दुसरा! म्हणजे जो चेहरा आपल्याला खटकतो, तोच आपल्या माणसांचा लाडका.

त्यात नातू फोन अगदी नाकाजवळ धरतो. २०१८ च्या एका अमेरिकन अभ्यासात हिशेब मांडला आहे, की एक फुटावरच्या फोटोत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं.

वय मात्र खोटं नाही. नुसती कातडी सैल होते असं नव्हे, आतलं हाडही झिजतं. डोळ्यांच्या खोबणी रुंदावतात, दात गेले की जबडा आत जातो, गाल खाली उतरतात. थेरीगाथेत अंबपालीने केसांपासून एकेक अवयव घेऊन हेच सांगितलं आहे, काही न लपवता.

आपल्या घरांत बाबासाहेबांचे फोटो आहेत. कोलंबियातले तरुण बाबासाहेब आहेत, तसे १४ ऑक्टोबर १९५६ चे, पासष्ट वर्षांचे, आजाराने थकलेलेही आहेत. तो थकलेला चेहरा कुणी भिंतीवरून उतरवलाय का?

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक मावशी गेल्या. पुण्यानुमोदनासाठी फोटो शोधायला लागलो, तर वीस-पंचवीस वर्षांतला एकही धड सापडेना. कॅमेरा दिसला की त्या पदर ओढून घ्यायच्या. शेवटी जुन्या ओळखपत्रावरचा मोठा करून आणला. हार घातला, मेणबत्त्या लावल्या. पाच वर्षांची पणती जवळ गेली, बराच वेळ बघत राहिली आणि आईला म्हणाली, "ही कोण? आजीचा फोटो कुठंय?" तिला रोज भात भरवणारा तो चेहरा घरात कुठेच नव्हता. आईला काही बोलता आलं नाही. आम्हालाही नाही.

आज वंदनेनंतर बोधिवृक्षाखाली ज्येष्ठांचे फोटो काढायचे आहेत. फोटोवाला सहा फुटांवर उभा राहील, ती जबाबदारी आमची. चष्मा नेहमीचाच असू द्या. आणि पेटीतला फोटो देणाऱ्या त्या आजी तिसऱ्या रांगेत बसल्यात, त्यांची खुर्ची आम्ही पहिली लावली आहे.

जयभीम!