गुडघ्यातील सुई आणि ताटाजवळची गोळी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आयुष्यभर फळ्यासमोर उभे राहून आम्ही जे मिळविले, त्यात निवृत्तिवेतनाखेरीज दोन दुखरे गुडघे आहेत. जोतिबाच्या पायऱ्यांवर ते प्रथम कुरकुरले. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु ठेच आम्हांस लागली आहे, एवढ्याच नात्याने बोलतो.

गतवर्षी एका दवाखान्यात आमच्या गुडघ्यात इंजेक्शन दिले गेले व जोडीला ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या गोळ्या मिळाल्या. इंजेक्शन कसले, हे कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. मधुमेह असल्याचे तर आम्ही बोललोच नाही! पुढे काही दिवस रक्तातील साखर चढली, तेव्हा ते स्टेरॉइड होते असे कळले.

स्टेरॉइडने वेदना लवकर शमते, पण काही आठवड्यांपुरतीच. २०१७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १४० रुग्णांपैकी काहींना स्टेरॉइड व काहींना नुसते मिठाचे पाणी, असे दोन वर्षे दर १२ आठवड्यांनी टोचले. वेदनेत लक्षणीय अंतर पडले नाही. स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा मात्र अधिक झिजली. दुसरे इंजेक्शन हायलुरोनिक आम्लाचे, म्हणजे सांध्यातील वंगणाचे. ते महाग, आणि त्याचा सरासरी लाभ अल्प.

गोळ्यांविषयी २००६ सालचा अभ्यास १,५८३ रुग्णांचा होता. एकंदरीत पाहता औषधहीन गोळीपेक्षा त्या सरस ठरल्या नाहीत. पायाचा रस्सा प्याल्याने गुडघ्यात वंगण उतरते, अशी आपल्याकडे समजूत आहे. त्याच जातीची ही आशा. रस्सा निदान चविष्ट तरी असतो! ग्लुकोसामाइन बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून काढतात, हे शाकाहारी घरांनी ध्यानी घ्यावे. रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्यावाचून या गोळ्यांस शिवू नये. सुई आणि गोळी एकत्र केल्याने गुण दुणावतो, याला खात्रीलायक पुरावा नाही.

सुईने वेदना थांबते त्या आठवड्यांत मांडीचे स्नायू बळकट करावयाचे असतात. आम्ही ते दिवस गोळ्या मोजण्यात घालविले, ही खरी हानी. एक किलो वजन उतरले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. आता आम्ही खुर्चीत बसून पाय सरळ करण्याचा व्यायाम नित्य करतो व सकाळी रंकाळ्यावर बेताने चालतो.

पुढील महिन्यात आमच्या सौभाग्यवतींना इंजेक्शन देण्याचे घाटते आहे. या खेपेस आम्ही प्रश्न कागदावर लिहून नेणार आहोत: औषध कोणते, पुन्हा किती दिवसांनी, साखर किती दिवस पाहावयाची, आणि व्यायाम कोण शिकविणार.